तूट आणि रोजगार: सरकारचा हिशेब घरी बसून कसा तपासायचा

तुम्ही पगारदार असाल तर हे वाचण्याआधी आपली पगारपत्रिका शेजारी काढून ठेवा. कपातीच्या रकान्यात व्यवसाय कर दिसेल. महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. ही कपात मुळात कशासाठी सुरू झाली, ते फार थोड्यांना ठाऊक असतं. १९७५ साली महाराष्ट्राने हा कर बसवला तो रोजगार हमी योजनेसाठी. शहरातल्या पगारातून थोडे पैसे घ्यायचे, राज्याने तेवढीच भर घालायची आणि दुष्काळी गावात जो मागेल त्याला काम द्यायचं, असा तो सरळ व्यवहार होता.

मी १९८८ ला महसूल खात्यात कारकून म्हणून लागले आणि २०२२ ला निवृत्त झाले. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं वेगवेगळ्या तालुक्यांच्या रोजगार हमी शाखेत गेली. आता आमच्या माणदेशातल्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या मुलांना अर्थसंकल्प वाचायला शिकवते. मागच्या उन्हाळ्यात एका पोरीने वही पुढे केली. निबंधाचा विषय होता, ‘सरकारने तूट कमी करावी की रोजगार वाढवावा?’ तिने पान मधोमध दुमडून डावीकडे तूट कमी करण्याचे फायदे लिहिले होते, उजवीकडे रोजगाराचे, आणि खाली ‘दोहोंत समतोल साधणे गरजेचे आहे’. मी म्हटलं, ‘बाळा, हे वाक्य कुठल्याही विषयाखाली चिकटतं. समतोल कुणाच्या पैशाने साधायचा, कुठल्या वर्षी साधायचा, आणि कात्री लागली तर कुणाची हजेरी बुडते, ते लिही.’ ती म्हणाली, ‘काकू, मग ते काढायचं कसं तेच सांगा की.’

तिला सांगितलं तेच इथे सांगते.

हाताशी काय लागतं

राज्याच्या आणि केंद्राच्या अर्थसंकल्पाची पुस्तकं वित्त खात्यांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात. अर्थमंत्र्यांचं भाषण बाजूला ठेवा, ते शेवटी वाचा. आधी थोडक्यात आकडे देणारी पुस्तिका उघडा. एक रेघी वही, पेन्सिल आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर एवढं पुरतं.

प्रत्येक खर्चापुढे तीन प्रकारचे आकडे असतात. अर्थसंकल्पीय अंदाज म्हणजे वर्ष सुरू होण्याआधी केलेला संकल्प. सुधारित अंदाज म्हणजे वर्ष संपत आलं असताना केलेली दुरुस्ती. प्रत्यक्ष रक्कम म्हणजे खरोखर गेलेला पैसा, आणि ती दोन वर्षांनी छापून येते. वर्तमानपत्रातली मथळ्याची बातमी पहिल्या आकड्याची असते. तुम्ही तिन्ही शेजारी शेजारी लिहा. मनरेगाचं, म्हणजे केंद्राच्या ग्रामीण रोजगार हमी योजनेचं, २०२०-२१ चं उदाहरण घ्या. केंद्राचा अंदाज ६१,५०० कोटी होता, सुधारित अंदाज १,११,५०० कोटींवर गेला. पुढे २०२३-२४ साठी अंदाज ६०,००० कोटींचा आणि सुधारित ८६,००० कोटींचा. म्हणजे फेब्रुवारीत तूट आवरल्याचं जे चित्र दिसतं त्यात रोजगाराचा आकडा आधीच कमी धरलेला असू शकतो. हे एकदा डोळ्याला दिसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

तूट म्हटली की विचारा, कुठली?

आमच्याकडे सोसायटीचं कर्ज काढून कुणी विहिरीवर मोटर बसवली तर गाव नाव ठेवत नाही. त्याच कर्जातून वर्षभराचा किराणा भरला तर भावकी दारात येऊन विचारते. सरकारच्या दोन तुटींमधला फरक असाच आहे. राजकोषीय तूट म्हणजे वर्षभरात एकूण किती उसनवारी करावी लागणार. महसुली तूट म्हणजे त्यातली किती उसनवारी पगार, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदानं अशा रोजच्या खर्चाला लागणार.

महाराष्ट्राचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प मांडला गेला तेव्हा महसुली जमा ५,६०,९६४ कोटी आणि महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी धरला होता. वजाबाकी करा, ४५,८९१ कोटींची महसुली तूट निघते. राजकोषीय तूट होती १,३६,२३५ कोटी. आता महसुली तुटीला राजकोषीय तुटीने भागा. कर्जाऊ आणलेल्या दर शंभर रुपयांतले साधारण ३४ रुपये रोजच्या खर्चात जाणार आणि ६६ रुपये काहीतरी उभं करायला उरणार. त्याच वर्षी केंद्राची महसुली तूट ५,२३,८४६ कोटी आणि राजकोषीय तूट १५,६८,९३६ कोटी होती. भागाकार केला तर तिथेही शंभरातले ३३ रुपये. पोरांना मी हा भागाकार दरवर्षीचा काढायला लावते, कारण ‘तूट जीडीपीच्या इतके टक्के’ या वाक्यातून जे कळत नाही ते यातून कळतं. तूट तेवढीच राहून शंभरातले ३४ चे २० झाले तर ती चांगली बातमी. तूट कमी झाली पण ३४ चे ५० झाले तर सरकारने मोटर विकून किराणा भरला.

व्याजाचाही आकडा तिथेच टिपून ठेवा. केंद्राच्या त्या वर्षीच्या ५०,६५,३४५ कोटींच्या खर्चात व्याज १२,७६,३३८ कोटी होतं, म्हणजे रुपयातले चार आणे. हे चार आणे मागच्या कर्जांचे आहेत, ते कुठल्याच मजुराच्या हातात पडत नाहीत. म्हणून ‘कर्ज काढा आणि कामं द्या, तुटीचं काय एवढं’ असं म्हणणाऱ्याशीही मी सहमत नाही. आजची बेफिकीर तूट उद्याच्या रोजगाराचा पैसा खाते.

पण घरच्या हिशेबाची उपमा इथेच सोडून द्या. घराने खर्च कमी केला तर घराचीच बचत होते. सरकारने केला तर गावातल्या दुसऱ्या कुणाची तरी कमाई थांबते. कामावरची मजुरी वाटली की त्या आठवड्याच्या बाजारात किराणा दुकानदार उधारीची वही उघडून बसायचा आणि चारच्या सुमाराला त्याच्या वहीतली अर्धी नावं खोडलेली असायची. मजुरी लांबली की तोच दुकानदार घाऊक व्यापाऱ्याला फोन करून माल कमी पाठवायला सांगायचा. मी ते दोन्ही बाजार पाहिले आहेत.

लेखाशीर्षाचा पहिला आकडा

ही युक्ती मला नोकरीच्या पहिल्या वर्षी एका जुन्या अव्वल कारकुनांनी शिकवली. अर्थसंकल्पातल्या प्रत्येक नोंदीला चार आकडी लेखाशीर्ष असतं आणि ते देशभर सारखं असतं. पहिला आकडा ० किंवा १ असेल तर ती महसुली जमा. २ किंवा ३ म्हणजे महसुली खर्च. ४ किंवा ५ म्हणजे भांडवली खर्च, काहीतरी उभं करण्याचा. ६ किंवा ७ म्हणजे कर्ज आणि अग्रिम. २०४९ दिसलं की व्याज, २०७१ म्हणजे निवृत्तिवेतन, ४७०२ म्हणजे लघुपाटबंधाऱ्यांवरचा भांडवली खर्च, ५०५४ म्हणजे रस्ते आणि पूल. व्यवसाय कराची जमा ००२८ खाली असते. एवढी पाच पाठ करा. पुस्तक कितीही जाड असलं तरी आता ते तुमच्याशी बोलायला लागेल.

आता यातली अडचण बघा. ग्रामीण रोजगाराचं लेखाशीर्ष २५०५. पहिला आकडा २, म्हणजे महसुली खर्च. गावाने चार महिने राबून नालाबांध घातला, विहिरींना पाणी उतरलं, तरी वहीत तो पैसा पगारासारखाच खर्ची पडला. उलट यंत्राने महिनाभरात केलेला रस्ता ५०५४ मध्ये गेला की तो भांडवली. म्हणून ‘महसुली खर्च वाईट, भांडवली खर्च चांगला’ हा परीक्षेतला ठोकळा जसाच्या तसा वापरला की पहिली कात्री नेमकी रोजगारावर चालते. केंद्राला हे कळलं म्हणून भांडवली मत्ता निर्माण करणाऱ्या अनुदानांचा आकडा आता वेगळा दाखवतात आणि तो वजा करून ‘प्रभावी महसुली तूट’ काढतात. २०२५-२६ मध्ये असं अनुदान ४,२७,१९२ कोटी होतं, ते वजा केलं की केंद्राची महसुली तूट ९६,६५४ कोटींवर येते. मी वर शंभरातले ३३ म्हटलं त्याचं चित्र यामुळे बरंच बदलतं. दोन्ही भागाकार वहीत ठेवा. फक्त यात सोय आहे तसा धोकाही आहे, कारण अनुदानातून मत्ता खरंच उभी राहिली का, ते पुस्तक सांगत नाही. त्यासाठी कामावर जावं लागतं.

रोजगार कोटींत मोजू नका, दिवसांत मोजा

‘रोजगारासाठी इतके हजार कोटी’ हे वाक्य ऐकलं की मी मनुष्यदिवस काढते, म्हणजे एका माणसाला एक दिवस काम असे किती दिवस निघतील ते. मनरेगात मजुरी आणि साहित्य यांचं प्रमाण ६०:४० ठेवावं लागे, ठेकेदार आणि यंत्र चालत नसे. महाराष्ट्रात २०२५-२६ साठी मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. एक कोटी रुपये घ्या. त्यातले ६० लाख मजुरीचे. भागिले ३१२. साधारण १९,२३० दिवस. एका कुटुंबाला वर्षाचे १०० दिवस धरले तर १९२ कुटुंबं. आता आपल्या तालुक्यातल्या एखाद्या रस्त्याचं अंदाजपत्रक माहितीच्या अधिकारात मागवा आणि त्यातला मजुरीचा भाग वेगळा काढून असाच भागाकार करा. दोन्ही आकडे शेजारी लिहिले की कोटींचा रुबाब उतरतो.

रस्ता नको असं मी म्हणत नाही. रस्ता झाला की दूध आणि भाजी शहरात लवकर पोचते, त्यातून पुढे कामं निघतात. अर्थतज्ज्ञ यालाच गुणक म्हणतात आणि भांडवली खर्चाचा गुणक मोठा असतो हे खरं आहे. पण तो परिणाम यायला वर्षं लागतात आणि तो कुणाच्या दारात येईल ते सांगता येत नाही. उन्हाळ्यात चूल पेटायची आहे तिला आजचे दिवस लागतात. म्हणून माझ्या वहीत दोन रकाने असतात, ‘या वर्षीचे दिवस’ आणि ‘मागे काय राहिलं’. थेट खात्यात पैसे देणाऱ्या योजनांना तिसरा रकाना. लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये बाईच्या हातात पडतात आणि त्यांचा तिला उपयोग आहे, ते मी माझ्याच गल्लीत बघते. तरी तो रोजगार नव्हे. २०२५-२६ मध्ये त्यासाठी ३६,००० कोटी ठेवले होते. कुणी तो आकडा रोजगाराच्या बेरजेत धरला तर तिथेच थांबवा.

‘मागे काय राहिलं’ हा रकाना मी आईमुळे घालते. १९७२ च्या दुष्काळात मी आठ वर्षांची होते. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. हातोडीचा घाव बोटावर बसू नये म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून ती बोटांत घालायची. संध्याकाळी ते काढले की बोटं पांढरीफटक, सुरकुतलेली दिसायची. दुपारी कामावर सुकडी मिळायची, ती आई पदरात बांधून माझ्यासाठी आणायची. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात अशा कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. त्या कामाने आम्ही जगलो, यात शंका नाही. पण तिने फोडलेल्या खडीचे ढीग मी दहावीला गेले तरी रस्त्याच्या कडेला तसेच पडून होते. वर गवत उगवलं होतं. पुढच्या दुष्काळात तिला पुन्हा त्याच रांगेत उभं राहावं लागलं.

त्याच पट्ट्यात दुसरीकडे माणसांनी पाझर तलाव आणि नालाबांध केले, आणि १९९० नंतर रोजगार हमीशी जोडून फळबाग लागवड आली. सांगोल्याच्या माळावर डाळिंब उभं राहिलं त्यात या योजनेचा मोठा हात आहे. खड्डे खणायची, रोपं लावायची मजुरी शेतकऱ्याला स्वतःच्याच रानात मिळाली. तेल्या रोगाने पुढे कितीतरी बागा घालवल्या, हेही खरं. पण बाग धरली त्या वर्षांत तीच माणसं छाटणीला, तोडणीला बाहेरून मजूर बोलवत होती. ज्याने काल सरकारकडे काम मागितलं तो आज दुसऱ्याला काम देतो, एवढं झालं तर सरकारचा पुढचा खर्चही वाचतो. तूट कमी करायचा याहून चांगला रस्ता मी चौतीस वर्षांत पाहिला नाही. म्हणून कामांची यादी ग्रामसभेत येते तेव्हा भांडायचं ते यावर. काम किती कोटींचं हे नंतर.

कात्री कुठे लागली ते कसं शोधायचं

तूट कमी झाल्याची बातमी आली की मी आधी विचारते, जमा वाढली की खर्च थांबला? जमा वाढून तूट उतरली असेल तर हरकत नाही. खर्च थांबला असेल तर कोणाचा, ते शोधावं लागतं, कारण व्याज थांबवता येत नाही, निवृत्तिवेतन थांबवता येत नाही आणि चालू पगारही नाही. थांबतं ते ज्याचा आवाज मंत्रालयापर्यंत जात नाही त्याचं.

पहिली जागा रिक्त पदांची. ४ मे २०२० ला राज्याच्या वित्त विभागाने शासन निर्णय काढला. त्या वर्षी मंजूर निधीच्या ३३ टक्केच खर्च करायचा, आणि आरोग्याशी संबंधित खाती सोडून नवी पदभरती बंद. टाळेबंदीत कराची जमा आटली होती, सरकारपुढे फार वाटा नव्हत्या, हे मी मान्य करते. पण आमच्या अभ्यासिकेतल्या पोरांनी त्या काळात वयाची वर्षं घालवली. तलाठ्याचं, परिचारिकेचं, शिक्षकाचं पद रिकामं राहिलं तर पगाराचे पैसे वाचतात आणि तूट तेवढी कमी दिसते. पण एका तलाठ्याकडे तीन सज्जे आले की सातबारासाठी खेटे घालणाऱ्याची रोजी बुडते, ती कुठल्या पुस्तकात लिहितात? खात्याखात्याची मंजूर पदं आणि भरलेली पदं यांची वजाबाकी माहितीच्या अधिकारात मिळते. ती आपल्या जिल्ह्यापुरती जरूर काढा.

दुसरी जागा थकलेल्या देण्यांची, आणि इथे मी जरा थांबणार आहे.

सरकारी हिशेब रोखीचा असतो. ३१ मार्चच्या आत पैसे गेले तर तो खर्च या वर्षीचा, १ एप्रिलला गेले तर पुढच्या वर्षीचा. म्हणजे काम झालं, हजेरीपत्रक भरलं, मापं झाली, तरी पैसे पंधरा दिवस अडवून ठेवले की या वर्षीची तूट तेवढी कमी. कायद्याने मजुरी पंधरा दिवसांत मिळायला हवी. मी एका तालुक्यात असताना मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापासून निधी आला नाही. आमच्याकडून आदेश वर गेले होते आणि पडद्यावर फक्त ‘प्रलंबित’ दिसायचं. एक बाई रोज सकाळी साडेदहाला यायच्या. पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. बँकेत नोंद करून यायच्या आणि तेच पान माझ्यासमोर उघडून धरायच्या. आठव्या दिवशी त्यांनी विचारलं, ‘ताई, माझं काम झालं न्हाई का? माप चुकलं का माझं?’ त्यांचं माप बरोबर होतं. हजेरी बरोबर होती. पैसे एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात जमा झाले. त्या मधल्या दिवसांत त्यांनी शेळी विकली. तो प्रश्न विचारताना त्यांच्या चेहऱ्यावर जो अपराधीपणा होता तो माझ्या डोळ्यांसमोरून आजही जात नाही, कारण चूक त्यांची कधीच नव्हती.

म्हणून वर्षअखेरची थकीत मजुरी हा आकडा वहीत घ्याच. मनरेगाच्या संकेतस्थळावर तो राज्यनिहाय, जिल्हानिहाय मिळत आला आहे. तूट कमी झाल्याचं सांगतात तेव्हा त्या तुटीत ही देणी मिळवा आणि मग बोला. मोठ्या पातळीवरही असंच होतं. केंद्राने कित्येक वर्षं अन्नधान्याच्या अनुदानाचा काही भाग भारतीय अन्न महामंडळाच्या नावावर अल्पबचत निधीतून कर्ज काढून भागवला, त्यामुळे ती तूट अर्थसंकल्पात दिसत नव्हती. २०२१ च्या अर्थसंकल्पात ती पद्धत बंद करून सगळं वहीत आणलं आणि तुटीचा आकडा फुगला. तो फुगला तेव्हा टीका झाली. मला मात्र ते बरं वाटलं.

तिसरी जागा पुरवणी मागण्यांची. वर्षाच्या मधे मंजूर होणारा हा खर्च मूळ अंदाजात नसतो. अधिवेशनाच्या काळात तो स्वतंत्र पुस्तकात येतो. कशासाठी वाढवून घेतलं ते त्यात कळतं. ज्या शीर्षातून कापलं ते मात्र तिथे दिसत नाही. ते दोन वर्षांनी ‘प्रत्यक्ष रक्कम’ रकान्यात सापडतं.

वर्ष कुठलं चाललंय

आमच्या पोरांना एकच उत्तर हवं असतं, तूट तीन टक्के बरोबर की चार. असं एक उत्तर नाही. २००३ च्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्याने केंद्राला ३ टक्क्यांचं उद्दिष्ट दिलं, राज्यानेही २००५ मध्ये आपला कायदा केला. २००७-०८ ला केंद्राची तूट अडीच टक्क्यांच्या आसपास आली होती. पुढच्याच वर्षी जगात मंदी आली, कर्जमाफी आली, सहावा वेतन आयोग आला, मनरेगा सगळ्या जिल्ह्यांत गेली आणि तूट सहाच्या आसपास पोचली. २०२०-२१ मध्ये तर ९.२ टक्के. पण त्याच वर्षी मनरेगातून देशभर ३८९ कोटी मनुष्यदिवस काम निघालं. त्या उन्हाळ्यात पुण्या-मुंबईहून परतलेली पोरं कचेरीच्या व्हरांड्यात जॉब कार्डाचे अर्ज भरत होती. त्यांतली काही कंपनीचा टी-शर्ट घालूनच कुदळ घेऊन गेली. त्या वर्षी कुणी तीन टक्क्यांचा हट्ट धरला असता तर ती घरं कशावर चालली असती?

चुकतं ते नंतर. वाईट वर्षात वाढवलेली तूट चांगल्या वर्षात खाली आणायची असते, आणि चांगल्या वर्षात नव्या घोषणा होतात. केंद्राने २०२१ मध्ये, २०२५-२६ पर्यंत तूट साडेचार टक्क्यांच्या खाली आणू असं सांगितलं आणि अंदाज ४.४ टक्क्यांचा मांडला. ६.७, ६.४, ५.६ अशी ती उतरत आली. याच काळात केंद्राचा भांडवली खर्च २०१९-२० च्या ३.३६ लाख कोटींवरून २०२३-२४ मध्ये ९.४९ लाख कोटींवर गेला. तूट उतरताना बांधकाम वाढलं, ही चांगली गोष्ट आहे आणि ती तशी लिहायला हवी. पण त्याच वहीत मनरेगाची ओळ बघा. २०२४-२५ ला ८६,००० कोटी, २०२५-२६ ला पुन्हा ८६,००० कोटी. मजुरीचा दर दोन वर्षांत वाढला आणि रक्कम तीच राहिली, म्हणजे तेवढ्या पैशात दिवस कमी बसतात. १९८८ मध्ये आमच्या रोजगार हमीत मजुरी जवळजवळ दुप्पट झाली तेव्हा असंच झालं होतं. मी नुकतीच लागले होते. काम नाकारलं असं कुणी कागदावर लिहिलं नाही. काम सुरू व्हायला मात्र वेळ लागू लागला आणि हजेरी घसरत गेली. हमीचा कायदा जिवंत असताना हमी अशी पातळ होते.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला. दिवस १०० चे १२५ झाले. पण मजुरीचा खर्च आधी पूर्ण केंद्राचा होता, तो आता आपल्यासारख्या राज्यांसाठी ६० टक्के केंद्र आणि ४० टक्के राज्य असा वाटला गेला, आणि केंद्र प्रत्येक राज्याला ठरावीक रक्कम आखून देणार, तिच्यावरचा खर्च राज्याने सोसायचा. हिशेबाच्या अंगाने बघा. केंद्राच्या वहीतली तूट राज्याच्या वहीत सरकली. महाराष्ट्राची मूळ रोजगार हमी राज्याच्याच पैशावर उभी होती, शंभर दिवसांपुढचं काम आजवर राज्यच देत आलं, म्हणून आपल्याला हे नवं नाही. पण तेव्हा त्यासाठी वेगळा कर होता.

मग तो कर कुठे गेला?

कर आहे. तुमच्या पगारपत्रिकेवर आहे. पण त्याची मर्यादा संविधानाच्या अनुच्छेद २७६ ने बांधलेली आहे आणि १९८८ च्या दुरुस्तीने ती वर्षाला २५० वरून २,५०० रुपये केली. त्यानंतर ती तशीच आहे. मी नोकरीला लागले त्या वर्षीची मर्यादा मी निवृत्त झाले त्या वर्षीही तीच होती. तेव्हाची मजुरी, तेव्हाचा पगार आणि आजचा यांत किती अंतर पडलं ते सांगायला नको. रोजगारासाठी म्हणून जो झरा काढला त्याच्या तोंडाशी सदतीस-अडतीस वर्षं तोच दगड आहे. मर्यादा वाढवायची तर संसदेला घटना दुरुस्त करावी लागेल. शहरातल्या माझ्या भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, ‘मावशी, अजून कर?’ मी त्याला विचारलं, महिन्याला दोनशेचे चारशे झाले आणि ते फक्त कामावरच्या मजुरीला जातील असं वहीत दिसलं, तर देशील? तो ‘दिसलं तर देईन’ म्हणाला. बहुतेक माणसं असंच म्हणतील असं मला वाटतं. १९७५ मध्ये जमलं ते याच विश्वासावर.

म्हणून शेवटचा भागाकार हा करा. ००२८ खाली व्यवसाय कराची प्रत्यक्ष जमा किती ते लिहा. २५०५ खाली ग्रामीण रोजगारावर राज्याचा प्रत्यक्ष खर्च किती ते त्याच्या शेजारी. पाच वर्षांचे आकडे घ्या. दोन्हींत अंतर दिसलं तर आमदारांना पत्र लिहा. पत्रात भाषण नको, पाच ओळींचा तक्ता पुरे. मी दोनदा लिहिलं आहे. एकदा उत्तर आलं.

त्या पोरीने दुसऱ्यांदा निबंध लिहिला तेव्हा पान दुमडलं नव्हतं. वर तुटीचे दोन भागाकार होते. खाली आमच्या तालुक्यातली भरलेली आणि रिकामी पदं, थकीत मजुरीचा मार्चअखेरचा आकडा, आणि एका नालाबांधाचे मनुष्यदिवस. तिने बांधावर जाऊन पाणी किती खोल आहे तेही काठीने मोजून आणलं होतं. पावसाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या येतील, तेव्हा ती आणि आणखी चार पोरं २५०५ ची ओळ बघणार आहेत. तुम्हीही त्याच आठवड्यात आपल्या जिल्ह्याची वही काढा.